नैरोबीत राहताना आंदोलनं, निवडणुका आणि गडबडीचे दिवस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना संपत आला की नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांचे फोन सुरू होतात. प्रश्न दरवर्षी तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते आहे. मी नैरोबीत बारा वर्षं राहते, त्यातली बरीचशी पार्कलँड्समध्ये. २०१७ ची निवडणूक आणि फेरनिवडणूक, २०२२ ची निवडणूक, २०२४ आणि २०२५ ची आंदोलनं हे सगळं इथेच राहून पाहिलं. खाली लिहिलेलं बरचसं शेजाऱ्यांकडून शिकले, काही स्वतःच्या चुकांतून.

नवऱ्याची बदली नैरोबीला झाली आहे. बातम्या बघून घरचे घाबरलेत. मुलांना घेऊन यावं का?

या. वर्षातले बहुतेक दिवस इथे शाळा, ऑफिस, भाजी, ट्रॅफिक यातच जातात. हवा पुण्याच्या डिसेंबरसारखी, आणि माणसं मनापासून विचारपूस करणारी. रोजच्या आयुष्यात काळजी घ्यायची ती चोरीमारीची. राजकीय गडबडीचं तसं नाही. ती बहुतेक वेळा तारीख सांगून येते. त्या तारखांना रस्त्यावर नसायचं, आणि त्यासाठी घरात आधीपासून तयारी ठेवायची. माझं सगळं सांगणं या दोन गोष्टींभोवतीच आहे.

मग त्या तारखा कोणत्या?

पहिली २५ जून. २०२४ साली सरकारने करवाढीचं वित्त विधेयक आणलं आणि त्याविरुद्ध तरुण मुलं रस्त्यावर आली. त्यांच्यामागे ना कुठला पक्ष होता, ना कुणी एक नेता. २५ जूनला जमाव संसदेत शिरला, इमारतीच्या काही भागाला आग लागली, पोलिसांनी गोळीबार केला. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष रुटो यांनी विधेयकावर सही करायला नकार दिला. पण त्या जून-जुलैत किमान ६० माणसं गेली. २०२५ मध्ये त्याच तारखेला, मेलेल्यांच्या आठवणीत, पुन्हा मोर्चे निघाले आणि पुन्हा माणसं मेली.

दुसरी ७ जुलै. तिला इथे ‘साबा साबा’ म्हणतात, म्हणजे स्वाहिलीत ‘सात सात’. १९९० मध्ये याच दिवशी एकपक्षीय राजवटीविरुद्ध कामुकुंजी मैदानावर सभा ठरली होती. २०२५ च्या साबा साबाला पोलिसांनी पहाटेपासूनच शहरात येणारे मुख्य रस्ते अडवले होते, तरी देशभरात ३० हून अधिक माणसं मारली गेली.

तिसरी तारीख निवडणुकीची. निवडणूक ऑगस्टच्या दुसऱ्या मंगळवारी होते, दर पाच वर्षांनी. पुढची १० ऑगस्ट २०२७ ला. लोकांना वाटतं मतदानाचा दिवस धोक्याचा. तो खरं तर फार शांत असतो. सुट्टी, पहाटेपासून लांबच लांब रांगा, रस्ते रिकामे. जीव टांगणीला लागतो तो निकालापर्यंत. निकालाला सात दिवसांची मुदत, निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जायला आणखी सात दिवस, आणि न्यायालयाला निर्णयासाठी चौदा दिवस. म्हणजे जवळजवळ चार आठवडे. २०२२ मध्ये मतदान ९ ऑगस्टला, निकाल १५ ला आणि न्यायालयाचा निर्णय ५ सप्टेंबरला आला. २०१७ मध्ये तर न्यायालयाने निवडणूकच रद्द केली आणि २६ ऑक्टोबरला पुन्हा मतदान झालं. म्हणून २०२७ चं परतीचं तिकीट काढताना ‘निवडणूक झाली की येऊ’ असं न म्हणता सप्टेंबरचा पहिला आठवडा जाऊ द्या.

याखेरीज अचानक होणारं काही असतंच. पण तेव्हाही आदल्या रात्री शाळेचं ईमेल, ऑफिसचा मेसेज, वॉचमनचं बोलणं यातून कुणकुण लागते. ‘केशो मांदामानो’ हे शब्द कानावर पडले की समजा: उद्या मोर्चा आहे.

२००७ सारखं पुन्हा होईल का?

डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर जे झालं त्यात ११०० हून अधिक लोक मेले आणि सहा लाखांच्या आसपास बेघर झाले. किसुमूमध्ये भारतीय वंशाच्या लोकांची दुकानं लुटली, जाळली गेली. कोफी अन्नान यांच्या मध्यस्थीने फेब्रुवारी २००८ च्या अखेरीस समझोता झाला तेव्हा ते थांबलं. त्यानंतर २०१० मध्ये नवं संविधान आलं, न्यायालयाचं वजन वाढलं. त्या प्रमाणावर पुढे काही झालेलं नाही. जुने लोक १ ऑगस्ट १९८२ ची आठवणही काढतात. हवाई दलातल्या काहींनी बंडाचा प्रयत्न केला, एका दिवसात तो मोडला, पण तेवढ्यात नैरोबीतली आशियाई दुकानं लुटली गेली, घरांत घुसून बायकांवर अत्याचार झाले. त्या पिढीतल्या आजी अजूनही ऑगस्ट आला की घरात पिठाचा डबा भरून ठेवतात. त्यांना हसू नका.

लोकांचा राग आपल्यावर, भारतीयांवर आहे का?

आंदोलनांचा रोख सरकारवर आणि पोलिसांवर असतो. महागाई, कर, बेरोजगारी, पोलिस कोठडीतले मृत्यू हे त्यांचे विषय. २०१७ मध्ये सरकारने इथल्या आशियाई वंशाच्या लोकांना देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली, आणि पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले गुजराती, पंजाबी, गोवेकर स्वतःला केनियनच मानतात. पण मोर्चाच्या मागून लुटालूट करणारे येतात तेव्हा ते दुकानाचं शटर बघतात, आणि शहरातली बरीच दुकानं आपल्यासारख्या चेहऱ्यांची आहेत.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगते. ‘मुहिंदी’, म्हणजे भारतीय माणूस, नोकरांशी तुसडेपणाने वागणारा, पगार अडवणारा असतो, असा एक समज इथे आहे, आणि तो हवेतून आलेला नाही. आपण इथे पाहुणे आहोत. इमारतीतला अस्कारी म्हणजे वॉचमन, कोपऱ्यावरची भाजीवाली मामा म्बोगा, मोटारसायकल-टॅक्सी चालवणारा बोडा-बोडावाला, यांची नावं माहीत असू द्या, वर्षभर त्यांच्याशी माणसासारखं बोला. २०२४ च्या जूनमध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशी अनोळखी पोरांचा घोळका आला तेव्हा पुढे जाऊन त्यांना वाटेला लावणारे तीन बोडा-बोडावाले होते. पोलिस तिथे नव्हते.

मोर्चाच्या दिवशी ऑफिसला, शाळेत जावं का?

नाही. ऑफिस आग्रह करत असेल तर आधीच घरून काम मागून घ्या. शाळा बहुधा स्वतःच ऑनलाइन वर्ग लावतात. शाळा सुरू असली तरी मी मुलांना पाठवत नाही. कारण सकाळी जाणं सोपं असतं, दुपारी परत येणं अवघड.

शहराचा नकाशा एकदा या नजरेने पाहा. मोर्चे मुख्यतः मध्यवर्ती भागात, म्हणजे सगळे ज्याला ‘टाउन’ म्हणतात तिथे असतात: केन्याटा अॅव्हेन्यू, मोई अॅव्हेन्यू, संसदेचा परिसर. पण आपल्याला अडकवतात ते रस्ते. वायाकी वेवर कांगेमीपाशी रस्ता अडला की वेस्टलँड्स तुटतं. लॅव्हिंग्टनला लागून कावांगवारे ही गरीब वस्ती आहे, तिथे रस्ता अडला की लॅव्हिंग्टनचंही तेच. थिका रोड आणि मोम्बासा रोड बंद झाले की शहराच्या दोन बाजू एकमेकींपासून सुटतात. वरून जाणाऱ्या एक्स्प्रेसवेवर विसंबू नका. जुलै २०२३ मध्ये म्लोलोंगोपाशी त्याचीच मोडतोड झाली होती. उबर-बोल्ट त्या दिवशी मिळत नाहीत, मिळाल्या तर भाडं तिप्पट, आणि ड्रायव्हर निम्म्या वाटेत उतरवून देऊ शकतो. त्याचंही चूक नसतं.

घरात काय काय भरून ठेवायचं?

आठवडाभर बाहेर पडावं लागू नये इतकं. डाळ-तांदूळ, कणीक, पोहे, रवा आपल्याकडे असतातच. डायमंड प्लाझाच्या दुकानांत आदल्या दिवशी झुंबड उडते, म्हणून चार दिवस आधी जा. विसरायला होतं ते वेगळंच. विजेचं टोकन: इथे बहुतेक घरांत प्रीपेड मीटर आहे, आणि एम-पेसा (फोनवरून पैसे द्यायची इथली सेवा) अडखळलं की अंधारात बसावं लागतं. दोन आठवड्यांचं टोकन आधीच भरा. गॅसचा तेरा किलोचा सिलिंडर एक जास्तीचा. पिण्याचं पाणी, कारण बऱ्याच इमारतींना टँकर लागतो आणि टँकर त्या दिवशी येत नाही. रोजच्या गोळ्या महिन्याभराच्या. बाळाचं दूध, डायपर. गाडीत पेट्रोल.

रोख पैसे जरूर ठेवा, दहाएक हजार शिलिंग, पन्नास-शंभरच्या नोटांत. एरवी इथे आपल्याला रोख फारशी लागत नाही. जानेवारी २००८ मध्ये बँका बंद असताना नुकतंच सुरू झालेलं एम-पेसा हाच अडकलेल्या माणसांना पैसे पाठवायचा मार्ग ठरला होता. पण ते अॅपवर चालवायची सवय लागली असेल तर इंटरनेट गेल्यावर हात बांधले जातात. *३३४# डायल करून विना-इंटरनेट पैसे कसे पाठवायचे ते आजच एकदा करून बघा.

एक छोटी पिशवी दाराजवळ: पासपोर्ट, वर्क परमिट किंवा डिपेंडंट पास, एलियन कार्ड (परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र), मुलांचे जन्मदाखले, थोडे डॉलर, चार्जर, आणि पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड. या कार्डाबद्दल पुढे लिहिलं आहे.

गोळीबाराचे आवाज आले तर?

गॅलरीत जाऊ नका. आपल्याकडे मोर्चा आला की सगळी चाळ कठड्याला लागते, ती सवय इथे जिवावर बेतते. जुलै २०२५ मध्ये किआंबू काउंटीत बारा वर्षांची मुलगी स्वतःच्या घरात बसलेली असताना गोळी लागून गेली. खिडक्यांपासून लांब, घराच्या मधल्या बोळात किंवा बाथरूममध्ये जमिनीवर बसा. दिवे मंद करा. अस्कारीला फोन करून दार उघडू नको म्हणून सांगा, पण ‘बघून ये काय चाललंय’ असं सांगू नका.

रस्त्यात अडकलो आणि अश्रुधूर सोडला तर?

घोळका दिसला की त्याच्यामधून वाट काढायचा प्रयत्न करू नका, गाडी वळवा. वळवता येत नसेल तर काचा बंद, दारं लॉक, एसीची बाहेरची हवा बंद. आसपास मॉल, हॉस्पिटल, हॉटेल, मंदिर, गुरुद्वारा काहीही दिसलं तरी गाडी आत घाला आणि तिथेच थांबा, भले रात्र झाली तरी. गाडीसाठी हुज्जत नको. किल्ली मागितली तर द्यायची.

अश्रुधूर हवेपेक्षा जड असतो, खाली साठतो. म्हणून खाली बसू नका, उंच जागेकडे आणि वारा येतो त्या दिशेला जा. डोळे चोळू नका. स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा. लेन्स वापरत असाल तर हात धुऊन काढून टाका, त्या दिवशी घालूच नका हे उत्तम. घरी आल्यावर कपडे पिशवीत बांधा आणि साबण लावून गार पाण्याने अंघोळ करा, गरम पाण्याने जळजळ वाढते. कांदा, टूथपेस्ट, लिंबू असल्या गोष्टी डोळ्यांजवळ नेऊ नका. दमा असलेल्यांनी पंप खिशात ठेवावा. घरात वास आला तर खिडक्या लावून दाराच्या फटीत ओला टॉवेल दाबा.

पोलिसांसाठी ९९९ किंवा ११२, केनिया रेड क्रॉससाठी ११९९. हे नंबर कागदावर लिहून फ्रिजवर लावा, फोन बंद पडला तर फोनमधले नंबर उपयोगाचे नाहीत.

आम्हाला त्या मुलांचं म्हणणं पटतं. मोर्चात गेलं तर? निदान व्हिडिओ काढला तर?

मलाही बरंच पटतं. पण आपण परमिटवर राहतो आणि एका अटकेवर घरच्या सगळ्यांचा मुक्काम अवलंबून असतो. आणि ‘आम्ही फक्त बघत होतो’ याला अर्थ नसतो. जून २०२५ मध्ये टाउनमध्ये पोलिसाने जवळून गोळी घातलेला तरुण मोर्चेकरी नव्हता, मास्क विकून पोट भरणारा फेरीवाला होता. पोलिसांचे व्हिडिओ काढू नका, काढलेले पुढे पाठवू नका. पाठिंबा द्यायचाच तर जखमींच्या उपचारांसाठी पैसे द्या, रक्त द्या.

खरी बातमी कुठे मिळणार?

व्हॉट्सअॅपवरचं ‘आत्ताच कळलं, सरित सेंटर पेटलंय’ यावर विश्वास ठेवू नका. व्हिडिओ कधीचा, कुठला, हे पाठवणाऱ्यालाच माहीत नसतं. फक्त टीव्हीवरही विसंबू नका. २५ जून २०२५ ला थेट प्रक्षेपण थांबवायचा आदेश निघाला आणि काही वाहिन्यांचे सिग्नल बंद केले गेले. न्यायालयाने तो आदेश त्याच दिवशी स्थगित केला, पण तोवर लोक अंधारातच होते. माझी पद्धत साधी आहे: ‘डेली नेशन’ आणि ‘द स्टँडर्ड’ दोन्ही बघायचे, आणि ज्या भागाबद्दल कळायला हवं तिथे राहणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला फोन करायचा. इमारतीच्या ग्रुपवर एकानेच माहिती टाकायची असं ठरवा, नाहीतर पन्नास जणांची घबराट एकाच वेळी फिरते.

भारतीय उच्चायुक्तालयात नाव नोंदवायला हवं का? वेळ आली तर ते आपल्याला नेतील का?

नाव आल्या आल्या नोंदवा, पत्ता बदलला की तिथेही बदला. २५ जून २०२४ ला उच्चायुक्तालयाने, अत्यावश्यक कामाशिवाय बाहेर पडू नका आणि आंदोलनाच्या भागांपासून लांब राहा, अशी सूचना काढली होती. अशा सूचना वाचा आणि पाळा. मोम्बासाकडे राहणाऱ्यांसाठी तिथे सहायक उच्चायुक्तालय आहे. पासपोर्ट हरवला तर तातडीचं प्रवासपत्र उच्चायुक्तालयातूनच मिळतं.

लोकांना नेण्याबद्दल म्हणाल तर भारताने ते केलेलं आहे: २०१५ मध्ये येमेनमधून, २०२२ मध्ये युक्रेनभोवतीच्या देशांतून, २०२३ मध्ये सुदानमधून. पण ती सगळी युद्धं होती. सुदानमध्येही खार्टूमहून पोर्ट सुदानपर्यंतचा लांबचा प्रवास आधी रस्त्याने करावा लागला, मग जेद्दा, मग भारत. केनियातल्या आंदोलनांसाठी सरकारी विमानाची वाट बघू नये. जायचंच असेल तर साधं तिकीट काढून, वेळेत.

मग आम्ही ऑगस्ट २०२७ मध्ये भारतात जावं का?

तान्हं बाळ, गरोदरपण, डायलिसिससारखा उपचार, किंवा घर टाउनच्या अगदी जवळ असेल तर जा. नाहीतर तयारीनिशी घरी राहणंही ठीक आहे. आम्ही २०२२ मध्ये राहिलो, पत्ते खेळत आणि पुरणपोळ्या करत.

जायचं ठरलं तर मोर्चाच्या दिवशी विमान नको. सप्टेंबर २०२४ मध्ये विमानतळ कर्मचाऱ्यांच्या संपाने प्रवासी तासन्‌तास अडकले. १६ ऑक्टोबर २०२५ ला माजी पंतप्रधान रायला ओडिंगा यांचं पार्थिव केरळहून आणलं तेव्हा गर्दी विमानतळात घुसली आणि काही काळ उड्डाणं थांबवावी लागली. आदल्या दिवशीचंच तिकीट घ्या, किंवा आदल्या रात्री विमानतळाजवळच्या हॉटेलात राहा.

आणि ते पिवळं कार्ड. केनियाहून भारतात उतरताना पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला मागतात, नसेल तर सहा दिवस विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी दाखला ग्राह्य होतो, म्हणजे घाईत घेऊन उपयोग नाही. मुंबई विमानतळावर एका ताईंना दोन मुलांसह त्यासाठी ताटकळताना मी पाहिलं आहे. कार्ड पासपोर्टच्याच कव्हरमध्ये घाला.

दुकान किंवा गाडीचं नुकसान झालं तर विमा मिळतो?

साध्या पॉलिसीत दंगलीचं नुकसान सहसा धरलेलं नसतं. ‘राजकीय हिंसा आणि दहशतवाद’ असं वेगळं कव्हर घ्यावं लागतं. गडबड सुरू झाल्यावर ते मिळत नाही, म्हणून नूतनीकरणाच्या वेळीच विचारा.

मुलांना काय सांगायचं?

खरं तेवढं, त्यांच्या वयाला झेपेल असं. ‘लोक रागावलेत, म्हणून आज आपण घरी.’ मोठ्यांनी दिवसभर बातम्या लावून ठेवल्या की मुलं जास्त घाबरतात.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई, ड्रायव्हर, अस्कारी यांचं काय?

हा प्रश्न मला फार थोड्या लोकांनी विचारला आहे. आपण बंद फाटकाच्या आत असतो. खरा धोका असतो तो कांगेमी, कावांगवारे, किबेरा, मथारे अशा गरीब वस्त्यांत राहणाऱ्यांना.

२०२५ च्या साबा साबाच्या आदल्या दिवशी मी आमच्याकडे येणाऱ्या आंटींना ‘उद्या येऊ नका’ असं सांगायला विसरले. रविवार होता, पाहुणे होते. त्यांना वाटलं, खाडा झाला तर पगार कापतील. माटाटू (इथल्या मिनीबस) बंद, म्हणून त्या पहाटे चारला कांगेमीहून चालत निघाल्या. साडेसहाला दारात उभ्या होत्या. प्लास्टिकच्या चपलांना चिखल, एक पट्टा तुटलेला, तो त्यांनी चिंधीने बांधला होता. म्हणाल्या, ‘पोले, मामा, उशीर झाला.’ त्या माझी माफी मागत होत्या. दुपारी कांगेमीत चकमकी सुरू झाल्या, त्यांची दोन्ही मुलं तिकडे घरात एकटी, आणि परत जायला रस्ता नाही. रात्रभर त्या आमच्या स्वयंपाकघरात फोन हातात धरून बसून होत्या. मुलं सुखरूप होती, पण ती रात्र मी त्यांच्यावर आणली होती.

तेव्हापासून आमच्या घरचा नियम असा: तारीख जवळ आली की तीन दिवस आधी भरपगारी सुट्टी स्पष्ट शब्दांत सांगायची, ‘बघा जमलं तर’ असं नाही. महिन्याचा पगार आधी द्यायचा, म्हणजे त्यांनाही पीठ-तेल भरता येतं. फोनमध्ये एअरटाइम टाकायचा. मुलांसह आमच्याकडे राहायला यायचं असेल तर जागा आहे हे आधीच सांगायचं. अस्कारींच्या पाळ्या अशा वेळी लांबतात, बदली माणूस पोचतच नाही. इमारतीतल्या घरांनी आळीपाळीने त्यांना जेवण, चहा, झोपायला गादी द्यावी.

भारतातल्या आई-वडिलांना कसं कळवायचं? ते फारच घाबरतात.

२५ जून २०२४ च्या संध्याकाळी इंटरनेट रडतखडत चालत होतं, व्हॉट्सअॅप कॉल लागत नव्हता. सांगलीला आईने मराठी वाहिनीवर संसदेतला धूर पाहिला आणि चार तास माझा नंबर फिरवत बसली. साधा फोन आणि एसएमएस तेव्हाही चालू होते, हे माझ्या लक्षातच आलं नाही. आता आमचं ठरलेलं आहे. अशा दिवशी भारतातल्या रात्री नऊला, म्हणजे इथल्या साडेसहाला, मी एसएमएस करते: ‘सगळे घरी. जेवण झालं.’ तो साडेनऊपर्यंत आला नाही तर तिने इथल्या दोन शेजाऱ्यांना फोन करायचा, त्यांचे नंबर तिच्या कॅलेंडरच्या मागे लिहिलेले आहेत. दिवसभरात मधे फोन नाही. पहिल्या वेळी तिला ते कठीण गेलं. आता ती साडेआठलाच फोन हातात घेऊन बसते, आणि मेसेज आला की उलट विचारते, ‘भाजी काय केली होती?’